हवेने माल वाहणारी लाइन: गेजवरच्या दाबापेक्षा हवा सांभाळा

लाइन जाम झाली की एक जण हातोडा घेऊन पाइपकडे धावतो आणि दुसरा रेग्युलेटर फिरवायला. दाब अर्ध्या बारने वाढवला की कधी कधी माल सुटतो, आणि मग तीच सेटिंग कायमची होऊन बसते. काही महिन्यांत बेंडला भोक पडते, बॅग फिल्टरच्या पिशव्या फाटतात, ब्लोअरची मोटर गरम राहते. आणि लाइन जाम व्हायची ती होतेच. हिंगण्यात पीठ वाहत असाल, बुटीबोरीत प्लास्टिकचे दाणे, किंवा कोराडी-खापरखेड्याच्या पट्ट्यात राख. दुखणे बहुतेक एकच असते. माल पडतो त्या ठिकाणी हवेचा वेग किती आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

गेजवरचा दाब हा परिणाम आहे. हवा किती जाते, माल किती पडतो, पाइप किती लांब आणि किती वळणांचा, यावरून तो आपोआप ठरतो. आपल्या हातात खऱ्या अर्थाने दोनच गोष्टी असतात: हवेचे प्रमाण आणि मालाचे प्रमाण. या लेखात हवेचा हिशेब आधी डायल्यूट फेजसाठी, म्हणजे माल हवेत तरंगत जातो त्या पद्धतीसाठी मांडला आहे. डेन्स फेजचे, म्हणजे माल कमी वेगाने दाट वाहतो त्या पद्धतीचे, पुढे येईल.

वेग कुठला धरायचा

हवा दाबली की आकसते. त्यामुळे ढकलणाऱ्या लाइनमध्ये जिथे दाब सर्वांत जास्त, तिथे वेग सर्वांत कमी. ही जागा म्हणजे रोटरी एअरलॉकखालचा (फिरत्या कप्प्यांतून लाइनमध्ये माल टाकणाऱ्या व्हॉल्व्हखालचा) तुकडा, आणि माल वेग नसताना पडतो तोही तिथेच. सर्वांत जास्त ताकद हवी तिथे हवा सर्वांत मंद असते. पुढे दाब उतरत जातो तशी हवा फुलते आणि शेवटच्या बेंडला वेग सर्वांत जास्त होतो. म्हणून लाइन सुरुवातीला जाम होते आणि शेवटाला झिजते.

बारीक पावडरींना साधारण १३ ते १५ मीटर प्रतिसेकंद हा तळाचा, म्हणजे कमीत कमी लागणारा, वेग धरतात, प्लास्टिकच्या दाण्यांना १५-१६, आणि गहू-सोयाबीनसारख्या जड दाण्यांना २० च्या वर. या तळाच्या आकड्यावर २० टक्के राखीव ठेवायचे. त्याहून जास्त नको. कारण पुढे येईलच.

आता हिशेब करून बघू. ४ इंची, शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचे मानक) पाइप; आतला व्यास १०२.३ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ०.००८२२ चौरस मीटर. माल पडतो तिथे १८ मीटर प्रतिसेकंद हवेत. पूर्ण मालावर लाइनचा दाब ०.५ बार गेज. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला वातावरणाचा दाब १.०१३ ऐवजी साधारण ०.९८ बार धरा. म्हणजे माल पडतो तिथे निरपेक्ष दाब (गेजवरचा अधिक वातावरणाचा) १.४८ बार.

तिथे हवेचे आकारमान १८ × ०.००८२२ = ०.१४८ घनमीटर प्रतिसेकंद. ब्लोअरने बाहेरून ओढायची हवा: ०.१४८ × १.४८ ÷ ०.९८ = ०.२२४ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी साधारण ८०५ घनमीटर. इथे आत-बाहेर तापमान सारखे धरले आहे. ब्लोअरमधून हवा तापून निघते खरी, पण माल मिसळला की ती मालाच्या तापमानाच्या आसपास येते, म्हणून मालाचेच तापमान धरणे सुरक्षित. माल थंड गोदामातून येत असेल तर हवा आणखी आकसते. बाहेर ४५ अंश आणि माल ३० अंश असेल तर वेग जवळजवळ पाच टक्क्यांनी घटतो.

शेवटाला, फिल्टरच्या तोंडाशी, निरपेक्ष दाब १.० बारच्या आसपास असतो. तिथला वेग १८ × १.४८ ÷ १.० = साधारण २७ मीटर प्रतिसेकंद. सुरुवातीला १८, शेवटी २७, पाइप तोच.

आता खरी गोम. पर्चेसने जास्त माल मागितला आणि ऑपरेटरने रोटरीचा वेग वाढवला. दाब ०.५ चा ०.६५ झाला. ब्लोअर तेवढीच हवा ओढतोय असे धरले तरी माल पडतो तिथला वेग १८ × १.४८ ÷ १.६३ = १६.३ वर आला. म्हणजे हवेला कोणी हात न लावता ती कमी झाली. त्यात ब्लोअरच्या लोब्समधून (आतल्या फिरत्या पात्यांमधून) मागे झिरपणारी हवा दाबाबरोबर वाढते, आणि एअरलॉकमधून वर गळणारीही वाढते. म्हणून जाम होण्याआधीच्या दहा मिनिटांत काय बदलले असे विचारले की ‘काही नाही, फक्त फीड थोडे वाढवले’ असे उत्तर मिळते.

हवा वाढवण्याचा उलट खर्चही बघा. घासणाऱ्या मालात झीज वेगाच्या साधारण अडीच ते तीन घाताने वाढते. वेग १५ टक्क्यांनी वाढवला तर झीज जवळजवळ दीडपट. दाणा फुटणे, धूळ वाढणे, फिल्टरवर ओझे हे सगळे त्याच्या मागून येते. शिवाय एका मर्यादेपलीकडे हवा वाढवली की लाइनचा दाब उतरण्याऐवजी चढतो, कारण जास्त हवेचे स्वतःचे घर्षणच जास्त. हवा वाढवली आणि दाब उतरला, तर आधी हवा कमी होती. हवा वाढवली आणि दाब चढला, तर हवा पुरेशी होती. तिथेच थांबा आणि दुखणे दुसरीकडे शोधा.

हवा मोजायची कशी

चांगला थर्मल किंवा व्हॉर्टेक्स मीटर असेल तर उत्तम. तो स्वच्छ हवेच्या बाजूला, माल मिसळण्याआधी बसवा. लोबवाल्या ब्लोअरच्या लगेच पुढे बसवू नका. धक्क्यांमुळे वाचन उड्या मारते. सायलेन्सरनंतर, आधी व्यासाच्या दहापट आणि पुढे पाचपट सरळ पाइप ठेवून बसवा.

मीटर नसेल तर ब्लोअरच्या सक्शनला हे करा. सक्शन फिल्टर काढून १०० मिमी आतल्या व्यासाचा, निदान अर्धा मीटर लांब सरळ पाइप लावा. त्याच्या तोंडाला ६० अंशांचा शंकू जोडा. तोंडापासून अर्ध्या व्यासावर, म्हणजे ५० मिमीवर, पाइपच्या भिंतीत २ मिमीचे भोक पाडून पाण्याची यू-नळी जोडा. आतल्या बाजूची बर (ड्रिलने उठलेली कड) घासून काढा, नाहीतर आकडा खोटा येतो. हवा = ०.९६ × क्षेत्रफळ × (२ × दाबफरक ÷ हवेची घनता) याचे वर्गमूळ. आपल्या ०.२२४ घनमीटरला नळीत जवळजवळ ४८ मिमी पाणी चढलेले दिसेल (नागपुरात ४५ अंशांना हवेची घनता १.०७ किग्रॅ प्रति घनमीटर). चाचणी झाली की हे काढून फिल्टर परत लावा. उघडी सक्शन चालू ठेवणे म्हणजे लोब्सना वाळू खाऊ घालणे.

रोजच्या वापराला याहून सोपे मोजमाप आहे: रिकाम्या लाइनचा दाब. माल बंद, ब्लोअर नेहमीच्या आरपीएमवर, दोन मिनिटे थांबून एअरलॉकच्या आधी पाण्याच्या नळीवर आकडा घ्या. आपल्या ४ इंची, बेंडसह १०० मीटर धरलेल्या लाइनला तो साधारण ६५० मिमी पाण्याच्या आसपास येतो. लाइन नवी असताना, पिशव्या स्वच्छ असताना हा आकडा घेऊन पॅनलच्या दारावर आतून लिहून ठेवा. साध्या बार गेजवर हा फरक दिसत नाही, काटा जेमतेम हलतो, नळीच हवी.

हा दाब हवेच्या साधारण वर्गाने बदलतो. १० टक्के हवा घटली की तो २० टक्क्यांनी पडतो, म्हणजे ६५० चा ५२५. आकडा पडला तर हवा लाइनपर्यंत पोचत नाही: पट्टा घसरतोय, सक्शन फिल्टर भरलाय, लोब झिजलेत, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा) गळतोय किंवा एअरलॉक गळतोय. आकडा चढला तर पाइपात थर बसलाय किंवा फिल्टरच्या पिशव्या बंद झाल्यात. रिकामा दाब तोच आणि मालावरचा दाब जास्त असेल, तर ब्लोअरला दोष देऊ नका. फीड वाढले आहे किंवा माल ओला आला आहे.

ब्लोअरच्या बाजूला काय बिघडते

लोबवाला ब्लोअर एका फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो. त्याच्या डिस्चार्जला व्हॉल्व्ह लावून हवा ‘कमी’ करू पाहणारे बरेच असतात. हवा कमी होत नाही, दाब वाढतो आणि रिलीफ उडतो. सक्शन दाबली तर दाबांचे गुणोत्तर वाढून डिस्चार्ज तापतो. हवा बदलायची असेल तर आरपीएम बदला: पुली किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण). व्हीएफडीवर एक सावधगिरी: मागे झिरपणारी हवा आरपीएमने कमी होत नाही, दाबाने ठरते. त्यामुळे ५० हर्ट्झची ४० केली की हवा २० टक्क्यांपेक्षा जास्त घटते, आणि डिस्चार्जचे तापमान चढते. उत्पादकाने दिलेल्या किमान आरपीएमखाली जाऊ नका. सेंट्रिफ्युगल फॅन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डँपर चालतो, पण लाइन जड होऊ लागली की फॅन स्वतःहून हवा कमी देतो आणि जाम आणखी घट्ट करतो. लांब लाइनला फॅन नकोच.

रिलीफ व्हॉल्व्ह हा सर्वांत छुपा चोर. चालू दाब ०.५ असेल तर तो ०.६ च्या आसपास सेट असावा. स्प्रिंग थकली की तो ०.४५ लाच हळूहळू उघडतो: म्हणजे हवा सर्वांत जास्त हवी तेव्हाच बाहेर. ब्लोअरच्या आवाजात शिट्टी ऐकू येत नाही. त्याच्या तोंडासमोर सुताची एक वीतभर दोरी बांधून ठेवा. पूर्ण मालावर दोरी आडवी झाली तर उत्तर मिळाले. तोंडापाशी हात धरू नका, हवा भाजेल इतकी गरम असते.

एअरलॉकची गळती दोन प्रकारची. रिकामा झालेला कप्पा दाबाची हवा घेऊन वर जातो, ती टळत नाही. दुसरी रोटरच्या टोकाच्या फटीतून, आणि ती झिजेबरोबर वाढते. नव्या व्हॉल्व्हला फट ०.१ ते ०.१५ मिमी असते. राखेवर किंवा चुन्यावर ती काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट होते. लक्षण: हॉपरमधला माल उसळतो, फीड कमी पडते, आणि ऑपरेटर रोटरीचा वेग वाढवतो, त्याने कप्प्यांची गळती आणखी वाढते. व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला व्हेंट पाइप काढून तो छोट्या फिल्टरला जोडलेला असावा. व्हेंट तुंबला तर गळलेली हवा माल अडवते. फीलर गेजने महिन्यातून एकदा फट मोजा, लाइन बंद करून, कुलूप लावून. चालू रोटरमध्ये बोटे घालणाऱ्यांच्या गोष्टी एमआयडीसीत नवीन नाहीत.

एनआरव्ही (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) ब्लोअर आणि एअरलॉकच्या मध्ये. तो फाटला की लाइन बंद पडताना माल मागे ब्लोअरमध्ये शिरतो. स्वस्त भाग आहे, पण गेला की ब्लोअरच घेऊन जातो.

एअरलॉकनंतर पहिल्या बेंडपर्यंत निदान तीन मीटर सरळ आडवा पाइप ठेवा. मालाला वेग पकडायला जागा लागते. जागा नाही म्हणून लगेच उभा बेंड टाकला की मग हवा कितीही सोडा, तो बेंड खोकत राहतो.

कॉम्प्रेसरच्या हवेवर: रेग्युलेटर पुरेसा नाही

राखेच्या, सिमेंटच्या लाइनला हवा कॉम्प्रेसर आणि रिसिव्हरमधून (दाबलेली हवा साठवणाऱ्या भांड्यातून) येते. इथे एक चूक घरोघरी दिसते: रेग्युलेटर २ बारला लावला, पुढे बॉल व्हॉल्व्ह अर्धा उघडा, झाले. लाइनमध्ये १ बार असताना यातून जितकी हवा जाते, लाइन १.८ बारला चढल्यावर तिच्या जेमतेम निम्मी जाते. माल जड होतो तशी हवा घटते, आणि लाइन भरून बसते. उलट मालाची टाकी रिकामी झाली की लाइनचा दाब कोसळतो आणि सगळा रिसिव्हर लाइनमध्ये ओततो. वेग दुपटीने वाढतो आणि बेंडची वाट लागते.

यावर उपाय म्हणजे आवाजाच्या वेगावर चालणारे नॉझल. नॉझलनंतरचा निरपेक्ष दाब आधीच्या निरपेक्ष दाबाच्या ०.५२८ पटीहून कमी असेल, तोवर नॉझलमधल्या घशात हवा ध्वनीच्या वेगाला पोचलेली असते, आणि पुढे लाइनमध्ये काहीही झाले तरी हवेचे वजन बदलत नाही. उदाहरण: नॉझलआधी ५ बार गेज, म्हणजे ५.९८ बार निरपेक्ष. ०.५२८ ने गुणले की ३.१६ निरपेक्ष, म्हणजे गेजवर जवळजवळ २.२ बार. लाइन ० ते २.२ बारमध्ये कुठेही फिरो, हवा तेवढीच.

किती हवा, याचे सूत्र: किग्रॅ प्रतिसेकंद = ०.०४०४ × गुणांक × घशाचे क्षेत्रफळ (चौरस मीटर) × आधीचा निरपेक्ष दाब (पास्कल) ÷ निरपेक्ष तापमानाचे वर्गमूळ. १० मिमीचे गुळगुळीत, गोलाई दिलेले नॉझल, गुणांक ०.९७, हवा ४० अंशांची: उत्तर ०.१०४ किग्रॅ प्रतिसेकंद, म्हणजे मोकळी हवा मिनिटाला साधारण ५.२ घनमीटर. बोअर १० ऐवजी १०.५ झाला तर हवा १० टक्के वाढते. म्हणून नॉझल पितळेचे किंवा स्टेनलेसचे, रीमर मारून, आधी बारीक फिल्टर लावून. नुसत्या प्लेटला ड्रिल मारून बसवलेले धारदार कडेचे भोक चालत नाही. ते हवा नीट बांधून ठेवत नाही, पुढचा दाब उतरला की हवा वाढत राहते.

रचना अशी: रिसिव्हर, ड्रायर, फिल्टर, रेग्युलेटर, गेज, नॉझल, एनआरव्ही, लाइन. रेग्युलेटर नॉझलच्या आधी. तोच हवेचे प्रमाण ठरवतो. रिसिव्हरचा दाब रेग्युलेटरच्या सेटिंगपेक्षा निदान अर्धा बार वर राहिला पाहिजे, अगदी दोन टाक्या एकदम चालू झाल्या तरी. तो खाली गेला की नॉझलही काही करू शकत नाही.

मोठ्या दाबावर पाइप मध्येच मोठा करण्याचा फायदा होतो. ४ इंचीचा ५ इंची (आतला व्यास १२८.२ मिमी) केला की वेग ०.६४ पट होतो. सुरुवातीला २ बार गेज असेल तर निरपेक्ष दाब १.९ वर, म्हणजे गेज ०.९ वर येईल तिथे पाइप बदला. वेग पुन्हा सुरुवातीच्या आकड्यावर येतो. त्याआधी बदलला तर नव्या पाइपाच्या तोंडाशीच माल बसेल. आपल्या ०.५ बारच्या ब्लोअर लाइनला हे जमत नाही, हिशेब करून बघा: शेवटपर्यंत वेग तेवढा वाढतच नाही. तरी मोठा पाइप टाकलेल्या लाइनी आहेत, आणि त्यांची तक्रार ‘ब्लोअर लहान पडतो’ अशी असते.

डेन्स फेजची टाकी

राख किंवा सिमेंटसारखी हवा धरून ठेवणारी पावडर ३ ते ५ मीटर प्रतिसेकंद इतक्या कमी वेगालाही पाण्यासारखी वाहते. भरड माल असा वाहत नाही. म्हणूनच ईएसपीच्या (धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरची बारीक राख एका सेटिंगवर सुरळीत जाते आणि इकॉनॉमायझरची (बॉयलरचे पाणी आधी तापवणाऱ्या भागाची) जाडसर राख त्याच सेटिंगवर अडकते. दोघांना एकच पाककृती लावू नका.

टाकीत हवा तीन ठिकाणी जाते: वरून दाब द्यायला, तळाशी माल फुलवायला, आणि टाकीनंतर लाइनमध्ये. तळाची हवा वाढवली की माल जास्त बाहेर पडतो. लाइनची हवा वाढवली की मिश्रण पातळ होते. एकूण हवा नॉझलने बांधा आणि वाटणी बदला. नवी टाकी लावताना लाइनला जास्त, तळाला कमी असे सुरू करा. समजा लाइन ७० आणि तळ ३० टक्के. मग प्रत्येक फेरीत तळाची हवा पाच-पाच टक्क्यांनी वाढवत जा. प्रत्येक वेळी दोन आकडे लिहा: फेरीचा वेळ आणि लाइनचा सर्वोच्च दाब. फेरीचा वेळ घटणे थांबले आणि दाब मात्र चढतोय असे झाले की एक पायरी मागे या. तीच जागा.

फेरी संपवायची ती वेळेवर नव्हे, दाबावर. टाकी रिकामी झाली की लाइनचा दाब झटक्यात पडतो. तो रिकाम्या दाबाच्या थोडा वर असतानाच इनलेट बंद होऊ द्या. टायमरवर चालवलेल्या टाकीत शेवटची काही सेकंदे नुसती हवा धावते, आणि झीज तेव्हाच होते.

नवतपा आणि पावसाळा

मे अखेरीस, नवतप्यात, नागपुरात ब्लोअर रूममध्ये ४५ अंशांच्या वरची हवा ओढली जाते. जानेवारीच्या पहाटे तीच १० अंशांची. ब्लोअर आकारमान तेवढेच ढकलतो, पण हवेचे वजन उन्हाळ्यात ११ टक्क्यांनी कमी भरते: १.२० ऐवजी १.०७ किग्रॅ प्रति घनमीटर. हलकी हवा मालाला कमी ओढते, म्हणून हिवाळ्यात काठावर चालणारी लाइन नवतप्यात जाम होते. उन्हाळ्यात आरपीएम वाढवण्यापेक्षा फीड दहा टक्के कमी करणे स्वस्त पडते. ब्लोअरची सक्शन पत्र्याच्या शेडमधून न घेता बाहेरून, सावलीच्या बाजूने घ्या. नॉझलवर हा फरक कमी, साधारण सहा टक्के.

पावसाळ्यात पाणी. ३५ अंश, ८० टक्के आर्द्रता असलेली हवा ६ बारला दाबून ४० अंशांपर्यंत थंड केली की प्रत्येक मोकळ्या घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम पाणी सुटते. ताशी ३०० घनमीटरला ७ लिटरच्या वर. ऑटो ड्रेन अडकला तर हे पाणी राखेत जाते आणि लाइनमध्ये सिमेंटसारखा थर बसतो. ड्रेन रोज हाताने एकदा उघडून बघा. ब्लोअरच्या ०.५ बारच्या लाइनलाही सुटका नाही: अशा हवेचा दवबिंदू ३८-३९ अंशांवर जातो, आणि रात्री माल २८ अंशांचा असेल तर पाइपातच घाम फुटतो. पीठ, साखर, चुना वाहणाऱ्यांनी ब्लोअरनंतर आफ्टरकूलर आणि पाणी वेगळे करणारे भांडे लावावे.

चालू, बंद आणि जाम

आधी फिल्टरचे पल्सिंग (पिशव्या झटकणारे हवेचे झटके), मग ब्लोअर, मग रिकामा दाब स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबणे, मग एअरलॉक कमी वेगावर, मग पूर्ण. बंद करताना उलट: फीड बंद, दाब रिकाम्या आकड्यावर येईपर्यंत ब्लोअर चालू, त्यानंतर आणखी दोन मिनिटे. रिलीफच्या सेटिंगच्या ८५ टक्क्यांवर इंटरलॉक लावा. दाब तिथे गेला की फीड आपोआप थांबावे, हवा चालू राहावी, आणि दाब उतरल्यावर फीड पुन्हा सुरू व्हावे. हा एक इंटरलॉक बरेच जाम वाचवतो.

वादळी पावसात वीज गेली की लाइन मालाने भरलेली राहते आणि उभ्या पाइपातला सगळा माल खाली बसतो. वीज आल्यावर फीड लगेच सुरू करू नका. उभ्या पाइपाच्या पायथ्याशी १ इंची पर्ज कनेक्शन असावे. तिथून हवा सोडून वरचा भाग आधी मोकळा करा, मग मागचा.

जाम काढताना दाब वाढवत नेला की बारीक पावडर आणखी घट्ट बसते. त्याऐवजी ब्लोअर बंद करून दाब मागच्या बाजूने सोडा, पुन्हा चालू करा, पुन्हा सोडा. या झटक्यांनी गड्डा सैल होतो. जागा शोधायला पाइप लाकडी ठोकळ्याने वाजवा. भरलेला तुकडा बद्द वाजतो. फ्लॅन्ज उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे गेज शून्यावर आहेत ना ते बघा. गड्ड्यामागे अडकलेली हवा एका बाजूच्या गेजवर दिसत नाही. पीठ किंवा साखर असेल तर प्रत्येक फ्लॅन्जवर तांब्याची अर्थिंग पट्टी आहे का, हेही त्याच वेळी तपासा.

बल्कर खाली करताना

आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर हाच हिशेब दररोज होतो आणि सर्वांत निष्काळजीपणे होतो. बल्करची (सिमेंट आणणाऱ्या टँकरची) टाकी २ बारच्या आसपास दाबते, होज ४ इंची, आणि वरचा सायलो (सिमेंटचे उंच कोठार) हे प्रेशर व्हेसल नाही; काही शतांश बारवर त्याचा रिलीफ उघडतो. ड्रायव्हरला लवकर निघायचे असते, म्हणून तो दाब भरून डिस्चार्ज व्हॉल्व्ह एकदम उघडतो. आधी होजमध्ये हवा सोडा, मग डिस्चार्ज पाव, मग अर्धा. दाब दीड बारच्या आसपास स्थिर राहील इतकाच उघडा. तो भराभर पडत असेल तर हवा मालापेक्षा पुढे पळतेय.

शेवटाला होज थरथरायची थांबते आणि आवाज पोकळ होतो. टाकीत अजून बार-सव्वा बार असतो आणि माल संपलेला. हीच ती हवा सायलोचा फिल्टर फाडते आणि आजूबाजूच्या छपरांवर सिमेंट उडवते. आवाज बदलताच डिस्चार्ज पाववर आणा, कॉम्प्रेसर बंद करा, आणि उरलेला दाब टाकीच्या ब्लो-डाउनमधून सोडा, सायलोकडे नव्हे. सायलो फिल्टरचे पल्सिंग त्यानंतर दहा मिनिटे चालू राहू द्या, म्हणजे पुढचा बल्कर स्वच्छ पिशव्यांवर लागेल.